पैसे हातात आले की मला काय होतं?

प्रिय मावशी,
मी अकरावीत आहे, वय सोळा. पुण्यात धायरीत राहते, कॉलेज डेक्कनला. बाबा कारखान्यात नोकरीला आहेत, आई पोळी-भाजीचे डबे करते. बाबांनी मला त्यांच्या यूपीआय सर्कलमध्ये घेतलंय, म्हणजे माझ्या फोनवरून त्यांच्या खात्यातले पैसे देता येतात. महिन्याला दीड हजारांपर्यंत खर्च करता येतो, आणि ते पहिल्या दहा दिवसांतच संपतात. मैत्रिणींबरोबर एफसी रोडला गेले की कुणी न मागता सगळ्यांचं बिल मीच देऊन टाकते. आणि तुळशीबागेत आई वीस रुपयांसाठी घासाघीस करायला लागली की मला इतकी लाज वाटते, की मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहते. माझ्या बुटांचा तळ जूनपासून उघडा पडलाय, पण नवे घ्या असं बाबांना सांगवत नाही. लॉकडाऊनमध्ये बाबांचा पगार थांबला होता तेव्हा माझ्या डब्यातले ओवाळणीचे पैसे आईने किराणाला वापरले. ते मी कधीच परत मागितले नाहीत, म्हणजे मी स्वार्थी नाहीये. दादा म्हणतो, मी उधळी आहे. मैत्रीण म्हणते, मी स्वतःसाठी कंजूष आहे. मग मी नक्की कोण? आणि वर्गातला एक मुलगा म्हणतो, आत्तापासून शेअरमध्ये पैसे टाक. टाकू का?
— गोंधळलेली, धायरी

प्रिय मुली,

ओवाळणीच्या पैशांचं वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे गेलीस. आपण स्वार्थी नाही याचा पुरावा म्हणून ते मांडलंस. मला मात्र तुझे बाकीचे सगळे प्रश्न तिथेच जाऊन पोचतात असं वाटतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

२०२०मध्ये तू दहा-अकरा वर्षांची होतीस. डबा भरायला तुला दोन-तीन दिवाळ्या लागल्या असतील. तो रिकामा झाला आणि त्याबद्दल बोलायला घरात कुणाला सवड नव्हती. आईचं काही चुकलं नाही. पगार थांबलेला, घरात खाणारी माणसं तेवढीच, वाण्याचं देणं वाढत चाललेलं. तुला वाईट वाटलं असेल तर त्यात तुझंही काही चुकलं नाही. पण त्या वयाचं मूल अशा प्रसंगातून आपल्यापुरता एक नियम काढतं आणि मग तो विसरून जातं. नियम तेवढा मागे राहतो. तुझा नियम बहुधा असा असावा, की साठवलेलं आपलं राहत नाही, खर्चलेलं मात्र कुणी परत घेऊ शकत नाही. आणि त्याच दिवसांत दुसराही एक तयार झाला असावा, की आपण काही मागितलं तर घरावर ओझं पडतं.

आता या दोन नियमांसमोर तुझं वागणं ठेवून बघ. पहिल्यामुळे दीड हजार दहा दिवसांत संपतात. दुसऱ्यामुळे फाटके बूट घालून तू पावसाळा काढतेस. दादाला पहिला दिसतो, मैत्रिणीला दुसरा दिसतो, आणि तू दोघांच्या मधे उभी राहून विचारतेस, मी कोण? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना दिसणाऱ्या दोन मुली एकाच प्रसंगातून आल्या आहेत, एवढंच.

हा माझा अंदाज आहे. मी तुला भेटलेली नाही, माझ्या हातात तुझं पत्र आहे तेवढीच तुझी ओळख. वाचताना ‘हो, असंच’ असं आतून आलं तर तो धर. ‘छे, काहीतरीच’ असं आलं तर सोडून दे आणि आपला दुसरा प्रसंग शोध. पैशांबद्दल वाटलेली अगदी पहिली लाज, पहिला हेवा, पहिला अभिमान. सगळ्यांकडे असा एखादा असतो.

पैसा आपल्याला आहे तसा दिसत नाही, यावर एक जुना प्रयोग आहे. १९४७मध्ये जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन या हार्वर्डमधल्या संशोधकांनी दहा वर्षांच्या मुलांना नाणी दाखवली आणि समोरचा प्रकाशाचा गोल कमी-जास्त करून नाण्याएवढा करायला सांगितला. मुलांनी नाणी होती त्याहून मोठी दाखवली. तेवढ्याच आकाराच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांच्या बाबतीत असं झालं नाही. आणि गरीब घरातल्या मुलांना तीच नाणी श्रीमंत घरातल्या मुलांपेक्षा जास्त मोठी दिसली. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल दर वेळी तसाच आला नाही, तेव्हा त्याला शेवटचा शब्द समजू नकोस. पण त्यातला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तुळशीबागेतले वीस रुपये तुझ्या आईला केवढे दिसतात आणि तुला केवढे? एफसी रोडवरचे चारशे रुपये बिल भरताना तुला केवढे दिसतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर केवढे?

आपली ही नजर घरातल्या बोलण्यातून घडते. ‘पैसे काय झाडाला लागतात?’, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, ‘त्यांचं काय, त्यांना परवडतं’, ‘पाहुण्यांसमोर पैशाचं काढू नकोस’. तुझ्या घरात यातली कोणती वाक्यं आहेत ती लिहून काढ. बाबांची, आईची, आजी-आजोबांची, दादाची, प्रत्येकाची वेगळी. आणि न बोललेलंही लिही. हप्त्याचा विषय निघाला की आवाज खाली येतात का? पगाराचा आकडा तुला माहीत आहे का? माहीत नसेल तर तो विचारायची भीती का वाटते?

मग प्रत्येक वाक्याच्या पुढे ते कुठल्या काळातून आलं ते लिही. पुण्यातल्या कितीतरी घरांत आजी किंवा पणजी पैसे आणि कागदपत्रं वरच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवायची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं पाण्याखाली गेली. एका दिवसात संसार गेलेला ज्यांनी पाहिला, त्यांचा हात सढळ होत नाही. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या माणसाच्या ताटात अन्न उरत नाही. त्यांची वाक्यं नातवंडांपर्यंत येतात, त्यामागची गोष्ट मात्र येत नाही. तुझ्या घरात कुठलं संकट बोलतंय ते शोध, मग ते वाक्य पाळायचं की नाही हे तुला ठरवता येईल.

या सगळ्याला मानसशास्त्रात नावंही आहेत. ब्रॅड क्लॉन्ट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पैशांबद्दलच्या समजुतींचे चार गट पाडले आहेत. पैशापासून दूर पळणं, पैशाने सगळं सुटेल असं मानणं, पैशावरून माणसाची किंमत ठरवणं आणि पैशाबाबत सदा सावध राहणं. तुझ्यात मला यातलं पहिलं, तिसरं आणि चौथं तिन्ही दिसतं, आणि तसं बहुतेकांमध्ये दिसतं. सोळाव्या वर्षी एखाद्या गटाचं नाव कपाळावर चिकटवून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता एफसी रोडकडे येऊ. बिल आलं की तुझा फोन सगळ्यांच्या आधी बाहेर येतो. तो बाहेर येण्याआधीच्या क्षणात काय होतं, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण तूही ते अजून पाहिलेलं नसशील. म्हणून तुला एक काम देते. हिशेबाची वही तुला आईने किंवा शाळेने कधीतरी सांगितली असेलच. काय घेतलं आणि किती गेले, एवढंच तिच्यात असतं. तू त्यात तिसरा रकाना घाल, ‘त्याआधी’ असा. पैसे देण्याच्या जरा आधी मनात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहायचं. उदाहरणार्थ:

‘तिघींची कॉफी. त्याआधी: बिल आलं आणि सगळ्या गप्प बसल्या, मला ती शांतता नको झाली.’
‘बस सोडून रिक्षा. त्याआधी: केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला.’
‘कानातले घेतले नाहीत. त्याआधी: आईचे हात आठवले.’

न केलेला खर्चही लिहायचा, हे विसरू नकोस. तिथेच तुझा दुसरा नियम सापडेल. ही वही कुणाला दाखवायची नाही. स्वतःला रागवायलाही वापरायची नाही. तीन-चार आठवडे नुसतं लिहीत जा, मग एखाद्या रविवारी निवांत बसून फक्त तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाच. तीच तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतील. तू विचारलेलं ‘मी नक्की कोण’ याचं उत्तर दादाच्या किंवा मैत्रिणीच्या मतापेक्षा त्या रकान्यात जास्त आहे.

या काळात खाण्यापिण्याचे पैसे फोनवरून देऊ नकोस. बाबांकडून तेवढे रोख मागून घे. अमेरिकेत एमआयटीमध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. काहींना रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. यूपीआय म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे, पैसे लगेच खात्यातून जातात हे खरं. पण हाताला ते जाताना कळत नाहीत, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. आणि तुझ्या बाबतीत तर ते खातंही तुझं नाही. शंभराच्या चार नोटा मोजून टेबलावर ठेवताना तुझा हात कुठे थांबतो ते बघायला मला आवडेल.

मैत्रिणींना काय सांगायचं, हा प्रश्न तुला पडणारच. काहीच समजावून सांगू नकोस. बसतानाच ‘आज टीटीएमएम गं’, म्हणजे तुझं तू, माझं मी, एवढं म्हण. पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावर याच्यापलीकडे खुलासा कुणी मागत नाही. एखादी तुझ्या बिल देण्याला सरावलेली असेल आणि ती दोनदा नाक मुरडेल. मुरडू दे. तुला खऱ्या आवडणाऱ्या मैत्रिणीला तिच्या वाढदिवसाला मनापासून काही द्यावंसं वाटलं तर जरूर दे. देण्याची तुझी हौस चांगली आहे, ती घालवू नकोस. आधी भीतीपोटी दिलेलं कोणतं आणि प्रेमाने दिलेलं कोणतं, एवढं वेगळं करायला शीक.

तुळशीबागेबद्दल मला तुझ्याशी जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुझी लाज मला कळते आणि तरीही तू तिथे थांबावंस असं मला फार वाटतं. तुळशीबागेत भाव करणं हा तिथल्या व्यवहाराचाच भाग आहे. दुकानदार सांगतानाच त्याची जागा ठेवून सांगतो. तुझी आई तिथे भीक मागत नाही, तिला मालाची किंमत कळते. का कळते? कारण ती रोज एक धंदा चालवते. एका डब्यात पोळ्या किती, कणीक किती लागते, तेल, गॅस, भाजीचा मंडईतला चढ-उतार, डबा पोचवायचा खर्च, एखाद्या गिऱ्हाइकाने महिनाअखेर पैसे थकवले तर काय, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तुझ्या कॉलेजात कॉमर्सची मुलं जे पुस्तकातून शिकतात ते ती ओट्यापाशी उभी राहून करते. एका संध्याकाळी तिच्याजवळ बस आणि विचार, ‘आई, आपल्या डब्याची किंमत तू कशी ठरवतेस?’ वही घेऊन बस. मधे बोलू नकोस. भिशी असेल तर तीही विचार. किती जणी आहेत, महिन्याला किती भरतात, नंबर कसे लागतात, कुणाला अचानक गरज पडली तर आधीचा नंबर कोण सोडतं. बायकांनी कागदावर सही न घेता एकमेकींच्या विश्वासावर वर्षानुवर्षं चालवलेली ही व्यवस्था आहे. हे ऐकल्यावर ते वीस रुपये तुला आत्ता दिसतात तेवढेच दिसतील असं मला वाटत नाही.

आणि त्याच संध्याकाळी, बोलणं मोकळं झालेलं असेल तर, ओवाळणीचं काढ. परत मागायला नव्हे. असं म्हणून बघ: ‘लॉकडाऊनमध्ये माझ्या डब्यातले पैसे घेतले होतेस ना, तेव्हा मला वाईट वाटलं होतं आणि मी बोलले नाही. तुला तेव्हा काय वाटलं होतं?’ शेवटचा प्रश्न सोडू नकोस. माझी खात्री आहे की ते पैसे तुझ्या आईच्या लक्षात आहेत. कदाचित रकमेसकट. मुलीच्या डब्याला हात लावावा लागला ही गोष्ट आई विसरत नाही. ती रडेल किंवा ‘झालं ते झालं’ म्हणून उठून जाईल. उठून गेली तरी तू काही बिघडवलंस असं समजू नकोस. तिलाही उत्तर द्यायला चार दिवस लागू शकतात.

बूट मात्र चार दिवस थांबवू नकोस. आज बाबांना सांग. थेट सांग, ‘बाबा, बुटांचा तळ गेलाय, या पगाराला नवे घ्यायचेत, साधारण एवढ्याला मिळतील.’ लक्ष्मी रोडला दोन दुकानांत भाव विचारून आकडा घेऊन जा. तू गप्प राहून बाबांना जपतेस हे मला दिसतं. पण मुलगी चार महिने ओल्या मोज्यांनी कॉलेजला जात होती हे त्यांना नंतर कळलं, तर त्यांना किती लागेल याचा विचार कर. गरज आणि चैन यांतला फरक तुला उत्तम कळतो, तेव्हा गरज सांगायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. बाबा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाले तर तेही ऐकून घे. ते त्यांच्या हातातलं गणित आहे. निदान आता त्या गणितात तुझे बूट आले.

एक व्यावहारिक गोष्ट, जी मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. तुझ्या आत्ताच्या व्यवस्थेत दीड हजार ही खर्चाची मर्यादा आहे. वाचलेले दोनशे तुझे होत नाहीत, ते बाबांच्याच खात्यात राहतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दीड हजारांची मोजणी सुरू होते. म्हणजे न वापरलेलं गेलंच. तुझ्या जुन्या नियमाला याहून चांगलं खत मिळणार नाही! तेव्हा बाबांना सांगून तुझ्या नावाचं बचत खातं काढ. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं काढून स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये बँकांना याबद्दल नव्याने सूचना दिल्या आहेत. रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्ड वगैरे सोयी ज्या-त्या बँकेने ठरवायच्या आहेत. अशा खात्यात शिल्लक उणे होऊ देता येत नाही, त्यामुळे कर्जाची भानगड नाही. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाच्या नावाने खातं निघतं. बाबांनी महिन्याचे पैसे त्यात टाकावेत, तुझे वाचले तर तुझेच राहावेत, आणि घरात अडचण आली तर त्यातले घ्यायच्या आधी तुला विचारावं. हे शेवटचं बाबांकडून आणि आईकडून बोलून घे. तू ‘घ्या’च म्हणशील, मला माहीत आहे. पण विचारलं गेलं पाहिजे.

पहिले दोन महिने तू तेही पैसे संपवशील कदाचित. वहीत लिही आणि पुढे चल. सहा वर्षांची सवय एका पासबुकाने जात नाही.

आता तुझ्या वर्गमित्राचा सल्ला. अठराच्या आतल्या व्यक्तीने केलेला करार १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार ग्राह्य धरला जात नाही, म्हणून अल्पवयीनाच्या नावाने डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, काढलं तरी ते पालकच चालवतात. तो कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या खात्यावरून व्यवहार करत असेल तर त्यात तू अजिबात पैसे देऊ नकोस. नफा-तोटा कुणाचा, हे भांडण झाल्यावर तुला सिद्ध करता येणार नाही. आणि तो ज्याला शेअर म्हणतो ते खरंच शेअर आहेत की फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढे भाव काय होईल यावरचे सौदे, हेही विचार. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले होते, आणि माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता. दीर्घ मुदतीसाठी चांगल्या कंपन्यांचे शेअर घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. पुढची दोन वर्षं वाचत राहा, बाबांशी बोल, अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच्या नावाने खातं उघड आणि तोवर त्या मुलाला ‘माझं अजून ठरलं नाही’ एवढंच सांग.

तुझी,
मावशी